मालडब्यात मावणारी होडी

तलावात, खाडीच्या आतल्या संथ पाण्यात किंवा धरणाच्या फुगवट्यावर फिरण्यासाठी जी छोटी कयाक विकत मिळते, तिच्याबद्दल जाणकारांची एक ठरलेली तक्रार असते. ध्रुवप्रदेशातल्या शिकाऱ्याच्या होडीचे हे बिघडलेले रूप आहे, असे त्यांचे म्हणणे. मूळची कयाक लांब, चिंचोळी आणि चपळ. ही आखूड, रुंद आणि आळशी. तिकडे माणूस होडी जणू अंगात घालत असे, इकडे तो नुसता तिच्यात बसतो. वर्णन खरे आहे, पण त्यावरून जी वंशावळ मांडली जाते ती मला पटत नाही. या होडीचे आजचे माप शिकारीतून उतरत, घसरत आलेले नाही. ते एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वेपासून सुरू होते, आणि पुढे दर पिढीत ‘होडी पाण्यापर्यंत न्यायची कशी’ या एकाच प्रश्नाने ते बदलत गेले आहे. पाण्यावर तिने कसे वागावे याचा विचार झाला, पण बहुतेक वेळा त्यानंतर. हा क्रम लक्षात घेतला तर आज दुकानात उभे राहून कोणती कयाक घ्यावी, या प्रश्नाकडेही जरा वेगळे पाहता येते.

आधी मूळ होडी पाहू. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या इनुइट आणि त्यांच्या भाऊबंद लोकांची कयाक म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणून शिवलेले कातडे. ग्रीनलंडमध्ये झाडे जवळजवळ नाहीत. सांगाड्याचे लाकूड सायबेरियातल्या नद्यांतून वाहत, बर्फाबरोबर समुद्र ओलांडून किनाऱ्याला लागलेले. फासळ्या आणि उभे दांडे कातडी वाद्यांनी आवळलेले असत, त्यामुळे लाटेवर सगळा सांगाडा किंचित लवे. कातडे शिवणे हे बायकांचे काम, आणि साऱ्या होडीत त्याहून कसबाचे काम दुसरे नसावे: सुई कातड्याच्या आरपार न जाऊ देता अर्ध्या जाडीतून फिरवायची, म्हणजे टाक्याच्या भोकातून पाणी झिरपत नाही. माप घ्यायचे ते ज्याची होडी त्याच्या अंगावरून. ग्रीनलंडमधली रूढ रीत अशी की लांबी मालकाच्या तीन वावांची, बसायच्या जागी रुंदी त्याच्या कंबरेइतकी आणि वर दोन मुठी, खोली मूठ आणि तिच्यावर ताठ केलेला अंगठा एवढी. एकाची कयाक दुसऱ्याला होईलच असे नाही. शिकारी सीलच्या कातड्याचा अंगरखा घाली आणि त्याचा घेर बसायच्या भोकाच्या कडेवर आवळून घेई. होडी उलटली तर बाहेर पडायचे नाही, वल्ह्याच्या फटकाऱ्याने तिला पुन्हा सरळ करायचे. त्या पाण्यात बाहेर पडलेला माणूस थंडीने फार वेळ टिकत नाही. अशा व्यवस्थेत होडी ‘निवडण्याचा’ प्रसंगच येत नव्हता. ती अंगावर मोजून बांधायची, आणि ती चालवायला लहानपणापासून शिकायचे.

यावर कोणी म्हणेल की शिकारी कयाक समुद्रासाठी होती, शांत पाण्याची गोष्ट निराळी. पाणी संथ झाले की होडी रुंद आणि आखूड होणारच. हे तपासून पाहण्याजोगे उदाहरण इनुइट लोकांतच आहे. हडसनच्या उपसागराच्या पश्चिमेला आत राहणारे इनुइट कॅरिबू हरणांची शिकार करत. हरणांचे कळप ठरलेल्या जागी तळी आणि नद्या पोहून जात, तेव्हा शिकारी कयाकमधून त्यांना गाठून भाल्याने मारत. ही गोड्या, बऱ्याचदा निवांत पाण्यावरची होडी. तरी ती फार हलकी, लांब आणि इतकी चिंचोळी की नवखा माणूस तिच्यात बसताच कलंडावा. उलट बॅफिन बेटाकडच्या आणि लॅब्रॅडोरच्या कयाकी खुल्या समुद्रावरच्या असूनही रुंद, जड आणि सपाट तळाच्या. म्हणजे पाणी पाहून होडीची रुंदी सांगता येत नाही. कॅरिबूच्या शिकाऱ्याला वेग हवा होता आणि तोल त्याच्या अंगात होता. पूर्वेकडच्या शिकाऱ्याला मोठी शिकार मारून आणायची होती. ‘मूळ कयाक चिंचोळी आणि नंतरची रुंद’ ही सरळ रेघ या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही. या सगळ्यांत समान काय असेल तर होडी बांधणारा, वापरणारा आणि जिथे ती वापरायची ते पाणी एकाच ठिकाणचे होते. होडी कुठून कुठे न्यायची नव्हती. ती किनाऱ्यावरच, कुत्र्यांनी कातडे खाऊ नये म्हणून उंच घडवंचीवर ठेवलेली असे.

ही साखळी तुटली ती १८६५ मध्ये, लंडनला. जॉन मॅकग्रेगर हा स्कॉटिश घराण्यातला बॅरिस्टर. त्याने उत्तर अमेरिकेच्या आणि कामचाट्काच्या प्रवासात तिथल्या लोकांच्या होड्या पाहिल्या होत्या. त्याने लॅम्बेथच्या सर्ल यांच्या कारखान्यातून एक होडी बांधून घेतली: अंग ओकचे, डेक सीडरचा, नाव ‘रॉब रॉय’. लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच, खोली ९ इंच, वजन ८० पौंड. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या १५ फुटांचे कारण तो स्वच्छ सांगतो: जर्मन रेल्वेच्या डब्यात जेमतेम मावेल इतकीच ती आखूड केली होती. मला या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. होडीची लांबी लाटेने, नदीने किंवा मालकाच्या वावाने न ठरता एका रेल्वे डब्याच्या आतल्या मापाने ठरली. ऱ्हाइन, डॅन्यूब, मोझेल, सीन आणि स्वित्झर्लंडमधली सरोवरे त्याने एका उन्हाळ्यात केली ती यामुळेच. दोन नद्यांमधले अंतर रेल्वेने तोडायचे. जिथे रूळ नाहीत तिथे गाडा करायचा. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातून रॉब रॉय गाड्यावर घालूनच डॅन्यूबच्या उगमाकडे, डोनाउएशिंगेनला गेली. तीन महिन्यांचे सामान त्याने एका छोट्या काळ्या पिशवीत बसवले होते. पुस्तक चांगलेच गाजले, १८६६ मध्येच लंडनला एक क्लब निघाला (तोच पुढे रॉयल कनू क्लब झाला), आणि दहा वर्षांनी रॉबर्ट लुई स्टीव्हनसन एका मित्राला घेऊन अशाच होड्यांतून बेल्जियम आणि फ्रान्सच्या कालव्यांवर फिरला. सुटी घालवायला होडी, आणि होडीपर्यंत जायला रेल्वे, ही जोडी इथे जमली.

रॉब रॉयला कयाक म्हणावे का, अशी हरकत कोणी घेईल. मॅकग्रेगर स्वतः तिला कनू म्हणे, आणि ब्रिटनमध्ये अजूनही दोन्ही नावे एकमेकांत मिसळतात. नावापेक्षा मांडणी पाहावी: वरून झाकलेली होडी, मध्ये बसायचे भोक, तळाशी बूड टेकून पुढे तोंड करून बसलेला एकटा माणूस, हातात दोन पात्यांचे वल्हे. ही कयाकचीच मांडणी. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. मॅकग्रेगरला मूळपुरुष ठरवले की ज्यांनी हजारो वर्षे ही रचना घडवली त्यांचे श्रेय एका सुखवस्तू वकिलाच्या खात्यावर जमा होते. तसे होऊ नये. रचना इनुइट आणि त्यांच्या भाऊबंद उनांगन (अल्यूत) लोकांचीच. मॅकग्रेगरने आणले ते निराळे काही: आपल्या गावापासून शेकडो मैलांवरच्या, अनोळखी पाण्यावर, होडीचा वारसा नसलेल्या माणसाने, करमणुकीसाठी जाणे. आजची छोटी कयाक घेणारा माणूस याच हेतूने दुकानात शिरतो. आणि मापांचा योगायोग पाहा: बाजारातल्या साध्या, शांत पाण्याच्या कयाकी आज २८ ते ३० इंच किंवा थोड्या जास्तच रुंद असतात. ग्रीनलंडच्या शिकाऱ्याची साधारण २० इंचांच्या आसपास असे. आजच्या कयाकचे नाते मापाने तरी रॉब रॉयशी जवळचे आहे.

मालडबाही पुढे मोठा वाटू लागला. १९०५ मध्ये आल्फ्रेड हॉयरिख या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने बांबूच्या काठ्या आणि शिडाचे कापड वापरून घडीची कयाक केली आणि बव्हेरियातल्या इसार नदीवर चालवली. दोनच वर्षांनी रोझेनहाइमच्या योहान क्लेपर याने तिचे हक्क घेतले. क्लेपर धंद्याने शिंपी होता, आणि या होडीला शिंपीच हवा होता. कातड्याच्या जागी कापड आले तरी मर्म शिवणीतच राहिले. लाकडाचे पुढचे आणि मागचे अर्धे सांगाडे वेगवेगळे जुळवायचे, ते कापडाच्या खोळीत दोन्ही टोकांकडे सारायचे, मध्ये एकमेकांत अडकवून दाबले की खोळ ताणून बसते. उतरवली की सगळे दोन-तीन पिशव्यांत. म्युनिककर शनिवारी रेल्वेने डोंगरात जात, नदीकाठी होडी उभी करत, प्रवाहाबरोबर खाली येत आणि घडी करून परतीची गाडी धरत. आता होडी मालडब्यातून निघून प्रवाशाच्या पाठीवर आली. घडीच्या कयाकने एक गोष्ट मागे ठेवली आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सांगाडा आत सारायला वरचे भोक ऐसपैस असावे लागते, म्हणून ते लांब आणि रुंद झाले. जोडीने वल्हवायच्या क्लेपरची रुंदी तर ८७ सेंटिमीटरांपर्यंत जाते. ऐसपैस भोकात उठबस सोपी, सामान ठेवणे सोपे, भीतीही कमी; लोकांना ते आवडले. आज छोट्या कयाकचे मोठे, मोकळे भोक ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून विकले जाते, पण ती सोय प्रथम जुळणीची गरज म्हणून आली होती.

घडीच्या होडीला खेळणे म्हणून मोडीत काढता येत नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये घडीच्या कयाकींची १०,००० मीटरची शर्यत झाली, १९५६ मध्ये हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने क्लेपरमधून एकट्याने अटलांटिक ओलांडला. त्याही आधी, १९३२ मध्ये ओस्कार श्पेक नावाचा बेकार जर्मन डॅन्यूबवरच्या उल्महून सायप्रसच्या तांब्याच्या खाणींत काम मिळवायला निघाला, तो थांबलाच नाही. भूमध्य समुद्र ओलांडल्यावर त्याने होडी घडी करून बसमध्ये घातली आणि युफ्रेटिस गाठली; नदी उतरून इराणचे आखात, मग कराची, तिथून भारताचा पश्चिम किनारा, म्हणजे आपल्या कोकणासमोरून, श्रीलंका आणि पुढे पूर्वेला. १९३९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला तेव्हा युद्ध सुरू झाले होते आणि तो शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध झाला. सात वर्षांच्या त्या सफरीचा कणा वल्हे होता खरा, पण युफ्रेटिसकडची बस नसती तर ती सायप्रसपाशीच संपली असती.

युद्धानंतर घरोघरी मोटारी आल्या आणि घडीचे मोल उतरले. टपावर बांधता येईल ती होडी चालू लागली. फायबरग्लासने काही काळ क्लबांना हातभार लावला, कारण साधा साचा आणि थोडे हात असले की ती आपापल्या शेडमध्ये करता येई. खरा पालट झाला तो १९७० च्या दशकात अमेरिकेत, प्लास्टिकने. पॉलिथिलीनची भुकटी पोकळ धातूच्या साच्यात टाकायची, साचा भट्टीत तापवत दोन दिशांनी फिरवत राहायचा. भुकटी वितळून आतल्या भिंतीवर सारखी चिकटत जाते, मग गार करून साचा उघडला की एकसंध, बिनसांध्याची होडी बाहेर येते. पाण्याच्या टाक्या ज्या रीतीने होतात, तीच ही रीत. हे प्लास्टिक दगडावर आपटले तरी सहसा फुटत नाही, देखभाल जवळजवळ नाही, आणि स्वस्त. फक्त एक अट असते. साचा महाग, म्हणून एकाच साच्यातून हजारो होड्या निघाव्या लागतात, आणि हजारो होड्या हजारो निरनिराळ्या अंगांना विकाव्या लागतात. ग्रीनलंडच्या दोन मुठींची जागा इथे सरासरी गिऱ्हाइकाने घेतली. सरकणारी बैठक आणि मागेपुढे होणारे पावले टेकायचे आधार ही त्या हरवलेल्या मापाची भरपाई आहे, आणि खरे सांगायचे तर अपुरी भरपाई. शिवाय प्लास्टिकची होडी १० फुटांचीही वीसेक किलो भरते; १६ फुटांची केली तर एकट्याने टपावर चढवणे जिकिरीचे. म्हणून ९ ते १२ फूट हे माप रूढ झाले. मॅकग्रेगरच्या डब्याची जागा मोटारीच्या टपाने आणि एका माणसाच्या कंबरेने घेतली, इतकेच.

इथे अभियंता हरकत घेईल: आखूड होडीला जलशास्त्राचेही कारण आहे, सगळे श्रेय मोटारीला का? कारण आहेच, पण ते आखूडपणाची परवानगी देते, सक्ती करत नाही. होडीचा व्यावहारिक वेग पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाबरोबर वाढतो: १० फुटांची ताशी पावणेआठ किलोमीटरांच्या आसपास अडखळू लागते, १६ फुटांची साधारण दहाला. रमतगमत वल्हवणारा माणूस ताशी चार-पाच किलोमीटरांच्या वर क्वचित जातो, आणि त्या वेगाला लांब होडीचे पाण्याशी जास्त घासणारे अंग उलट ओझे ठरते. तेव्हा शांत तलावात दोन तास फिरणाऱ्याने आखूड होडी घेतली म्हणून त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते वारा सुटल्यावर. आखूड होडीचे नाक दर फटकाऱ्याला डावी-उजवीकडे वळते, आणि परतीच्या वाटेवर निम्मी ताकद ते सरळ ठेवण्यातच जाते.

रुंदीबद्दलची समजूत याहून घातक आहे. रुंद म्हणजे सुरक्षित, असे धरले जाते. लांबी तीच ठेवून रुंदी दीडपट केली तर सपाट पाण्यावरचा ताठपणा तिपटीहून जास्त वाढतो. दुकानातल्या पहिल्या मिनिटात हेच जाणवते आणि विक्रीही त्यावरच होते. पण ती होडी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. पाणी तिरपे झाले की तीही तिरपी होते, आणि एका मर्यादेपलीकडे एकदम उलटते. उलटली की मोठ्या मोकळ्या भोकातून पाणी आत शिरते. शिकाऱ्याच्या होडीत भोकाला अंगरख्याचा घेर आवळलेला होता. समुद्रावरच्या आजच्या लांब कयाकींत पुढे-मागे आडव्या भिंतींनी हवाबंद कप्पे केलेले असतात. स्वस्त छोट्या कयाकमध्ये बहुधा फक्त मागे एक भिंत असते, कधी तीही नसते, पुढच्या टोकात फोमचा एखादा ठोकळा. शे-दोनशे किलो पाण्याने भरलेली अशी होडी मध्यावर रिकामी करून पुन्हा चढणे एकट्याला जवळपास अशक्य. किनारा पोहून गाठता येईल इतका जवळ असणे, हीच तिच्या सुरक्षिततेची अट, आणि होडीच्या किमतीत ती कुठे लिहिलेली नसते.

माझ्या मांडणीला एक खरा अपवाद आहे आणि तो मान्य केला पाहिजे. १९७० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात मालिबूच्या किनाऱ्यावर टिम नीमियर याने वर बसायची होडी केली: बंद पोकळ अंग, वर बैठकीची खाच, आणि आलेले पाणी खाली निघून जायला आरपार भोके. हेतू बुडी मारण्याचा होता, होडीवरून पाण्यात उतरून पुन्हा सहज वर चढता यावे एवढाच. इथे होडीला आकार पाण्यातल्या कामाने दिला, वाहनाने नाही. गोव्यातल्या खारफुटीच्या खाड्यांत आणि पवना धरणाच्या जलाशयावर भाड्याने मिळणाऱ्या कयाकींत हाच प्रकार बराच दिसतो, आणि उष्ण हवेत ते शहाणपणाचे आहे. अंग भिजते, पण भिजण्याचे भय नाही, आणि उलटली तरी ती भरत नाही. मात्र हा अपवादही बाजारात पसरला तो त्याच फिरत्या साच्याच्या जोरावर, आणि मोठ्या पोकळ अंगापायी तो त्याच लांबीच्या, आत बसायच्या होडीहून बहुतेकदा जड भरतो. पाण्याने दिलेली सोय उचलण्याच्या वेळी वसूल होते.

अलीकडचा टप्पा पुन्हा जुन्या वळणावर आला आहे. सॅन फ्रान्सिस्कोत अँटन विलिस याला लहान घरात राहायला गेल्यावर आपली फायबरग्लासची कयाक ठेवायला जागा उरली नाही. कागदी घड्यांच्या जपानी कलेबद्दलचा एक लेख वाचून त्याने नालीदार प्लास्टिकच्या एकाच तावाची घडी होऊन पेटीएवढी होणारी कयाक केली, आणि २०१२ मध्ये ती ओरू या नावाने बाजारात आली. रोझेनहाइमच्या शिंप्याची कल्पना कापडाऐवजी प्लास्टिकने, पण कारण थोडे सरकलेले: आता अडचण रेल्वेची नव्हती, राहत्या जागेची होती. पुण्यामुंबईच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १० फुटांची होडी लिफ्टमध्ये उभी राहत नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिला जागा मागायची म्हणजे वार्षिक सभेत विषय. त्याने घडीची किंवा जाड कापडी थरांची फुगवायची कयाक पाहावी; ज्याचे घर पाण्याला लागून आहे त्याने आखूड होडीच्या नादी लागायचे कारण नाही, १२-१३ फुटांची, जरा चिंचोळी आणि दोन्ही टोकांना भिंती असलेली घ्यावी, कारण तिच्या लांबीला आडवा येणारा मालडबा त्याच्या आयुष्यात नाहीच. बाकी दोघांनी एक काम सारखेच करायचे: घेण्याआधी होडीत पाऊण तास बसून पाहायचे, गुडघे आणि मांड्या कुठे टेकतात ते पाहायचे, आणि पुढच्या टोकात भिंत नसेल तर तिथे हवेच्या पिशव्या दाबून बसवायच्या. लाइफ जॅकेटचे पैसे होडीच्या किमतीत आधीच धरायचे.